कॉम्प्युटर कितीला पडला?

मी कोणाचीही नक्कल करतो. आमच्या चौक गावच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्याची करतो, कर्जतच्या आमच्या शाळेतल्या ड्रिलमास्तरांची करतो. आमच्या आत्याची तर ती समोर बसलेली असताना करतो आणि तीच पदर तोंडाला लावून हसते. घरचे बोलायचे, या माकडचेष्टांनी पोट भरणार आहे का तुझं? भरलं. पण ते भरलं एका माणसामुळे आणि तो माणूस आयुष्यात कधी खदखदून हसला नसेल.

मोहोपाड्याला एका केमिकलच्या कारखान्यात कॉस्टिंग नावाचं खातं होतं. कारखान्यात जे बनतं ते आपल्याला पडतं केवढ्याला, हे तिथे काढायचं. साहेब त्या खात्याचे मुख्य. मी टेंपररी क्लार्क. टेंपररी म्हणजे सकाळी आलं की आधी आपली खुर्ची जागेवर आहे का ते बघायचं, मग डबा ठेवायचा.

साहेबांना पाठीमागे सगळे पडलेसाहेब म्हणायचे. म्हणजे साहेब कुठे धडपडले होते असं नाही. समोर काहीही दिसलं की त्यांच्या तोंडातून एकच यायचं, "कितीला पडलं?" नवा शर्ट घाला, "कितीला पडला?" कोणाला मुलगा झाला, पेढा आला, तर पेढा तोंडात टाकून, "कितीला पडलं?" आता हे पेढ्याचं विचारतायत, हॉस्पिटलचं विचारतायत की मुलाचं, कळायचं नाही. बाप बिचारा गोंधळून तिन्हीचं सांगायचा.

आणि तुम्ही बिलावरचा आकडा सांगितला की साहेब मान हलवायचे. "ती झाली किंमत. ती दुकानदाराची. मी तुझं विचारतोय."

त्यांच्या डोक्यात वस्तू विकत घेतली की खर्च सुरू होतो, संपत नाही. त्यांची एक छत्री होती. कर्जतच्या बाजारात घेतलेली. तिची काडी मोडली ते त्यात, मूठ बदलली ते त्यात. एकदा एसटीत विसरली म्हणून भिसेगावचं घर सोडून उलटं खोपोलीच्या डेपोपर्यंत गेले, ते जाण्यायेण्याचं भाडं त्यात. डेपोत कंट्रोलरला चहा पाजला तो पण त्यात. एवढं सगळं झाल्यावर मी विचारलं, "साहेब, मग छत्री पडली कितीला?" तर म्हणाले, "अजून चालू आहे ना ती! चालू वस्तूचा हिशोब बंद करायचा नाही. भंगारात गेली की सांगेन." आणि खरंच, दोन पावसाळ्यांनी छत्री गेली त्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन आकडा सांगून गेले. मी विसरलो होतो. ते नव्हते विसरले.

स्टोअरवाल्याच्या पोरीच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. मांडवात अक्षता हातात धरून उभे, आणि पोरीच्या बापाला हळूच विचारतायत, "बॅंडवाले जेवून जातात, ते धरलंत का?" बाप हादरला. नव्हतं धरलं. तिथल्या तिथे आचाऱ्याकडे माणूस धाडला, भात वाढवला. पंगत कमी पडली नाही. तो स्टोअरवाला अजून सांगतो, "माणूस येडा हाय, पन लाज राखली माजी."

पेन्सिल डाव्या कानावर, चष्मा कपाळावर आणि चालताना उजवा खांदा थोडा पुढे, जसं काही गर्दीतून वाट काढतायत. समोर चिटपाखरू नसलं तरी. असा माणूस समोर फिरत असताना मी गप्प बसणार? एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या खुर्चीत बसून, पेन्सिल कानावर अडकवून, शिपायाला विचारत होतो, "ही तुझी मिशी. कितीला पडली? ब्लेड धरलं का? साबण धरला का? बायको हसते, ते कशात धरलंस?" खातं सगळं पोट धरून बसलेलं. आणि एकदम सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले. मागे दारात साहेब.

मला वाटलं, गेली खुर्ची.

साहेब आले, माझ्या उजव्या कानावरची पेन्सिल काढली आणि डाव्या कानावर लावली. "उजव्या कानाने मी फोन घेतो," बोलले. "करायचं तर बरोबर कर." आणि हात धुवायला निघून गेले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी कारखान्यात कॉम्प्युटरचं वारं आलं.

मुंबईहून एक सेल्समन यायला लागला. एवढ्या उकाड्यात टाय. हातात चकचकीत बॅग. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "अॅक्च्युअली सर" आणि शेवटी "नो प्रॉब्लेम." त्याने मॅनेजरसाहेबांना एक कागद दिला. एका बाजूला मशीनची किंमत, दुसऱ्या बाजूला बचत. बचत म्हणजे काय, तर कॉस्टिंग आणि पगारखातं मिळून चार क्लार्क कमी. मॅनेजरसाहेबांनी तो कागद आमच्या साहेबांकडे पाठवला, हे परवडतं का ते काढून द्या म्हणून. कमी करायच्या माणसांत टेंपररी पहिला जाणार हे सांगायला कॉम्प्युटर लागत नव्हता. मी पहिला.

घरी बोललो नाही. आमचा बाप शेतावर राबून थकलेला. पोरगं कंपनीत आहे, पॅंट घालून जातं, एवढ्यावर तो गावात ताठ चालायचा. त्याला काय सांगू, माझ्या जागी पेटी येतेय?

साहेबांनी तो कागद वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि मला हाक मारली. दार लावून घ्यायला सांगितलं. मला वाटलं निरोपाचं असेल.

"तो सेल्समन तुला जमतो का?"

"म्हणजे काय साहेब?"

"नक्कल. जमते का?"

"जमते."

"उद्या तो येणार आहे. आज तू तो हो. मी विचारतो, तू उत्तरं दे. तुझी नाही. त्याची."

मी शिपायाचा टॉवेल गळ्याला बांधला आणि त्यांच्यासमोर बसलो. आधी लाज वाटली. मग टॉवेलने काम केलं.

"या खोलीला एसी लागेल?" साहेबांनी विचारलं.

"अॅक्च्युअली सर, रूम कूल असली की नो प्रॉब्लेम!"

"म्हणजे लागेल," साहेब बोलले आणि पेन्सिलने लिहिलं. "वीज जाते इथे. खालीवर होते."

"सर, छोटंसं एक यंत्र बसवलं की झालं."

"ते यंत्र कागदावर नाही." लिहिलं. "कागद कसला लागतो? प्रिंटरच्या फिती कोणाकडून घ्यायच्या? त्या चौकोनी फ्लॉपी खराब झाल्या की?" एकेक विचारत गेले. मी एकेक टोलवत गेलो, आणि मजा अशी की मी टोलवत होतो तेव्हाच मला कळत होतं की हा माणूस कुठे कुठे टोलवणार आहे. साहेब मात्र कुठल्या उत्तराला मी टायला हात लावतो ते बघत होते.

सगळ्यात शेवटी बोलले, "खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक मशीनची पूजा होते. बॉयलरची होते, पंपाची होते, टेंपोची होते. कॉम्प्युटरची पण होणार. पूजेने काही बिघडलं तर दुरुस्ती कोणाकडे?"

हे ऐकून मी फसकन हसलोच. "सर! व्हेरी फनी सर! कव्हर्ड, कव्हर्ड! नारळ आमच्याकडून फ्री!"

साहेबांनी पेन्सिल थांबवली. "हा तू हसलास, का तो हसला?"

मी विचार केला. "तो हसला साहेब."

"नक्की?"

"नक्की."

"मग हा प्रश्न चहा झाल्यावर," साहेब बोलले आणि त्या प्रश्नापुढे चहाच्या कपाचं चित्र काढलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मी फायली धरून मागे उभा होतो. मला हसू आवरेना. कालचं नाटक आज दुसरा नट घेऊन चाललेलं. तो सेल्समन माझीच वाक्यं बोलत होता! एसीला "नो प्रॉब्लेम," विजेला "छोटंसं यंत्र." फक्त आज साहेबांकडे प्रत्येक वाक्याचा खर्च आधीच काढलेला होता. मशीनची किंमत एका ओळीत आणि तिच्याखाली सगळा लवाजमा. एसी, वायरिंग, सुताराचं काम, कागद, फिती, सगळं.

मग प्रोग्रॅमवर आले. "प्रोग्रॅम तुम्ही तयार देता?"

"येस सर, रेडिमेड पॅकेज."

"म्हणजे तयार शिवलेला सदरा. आमच्याकडे ओव्हरटाइम तीन तऱ्हेचा आहे, नाइट अलाउन्स वेगळा. सदरा अंगाला बसवायला शिंपी लागणार. त्याची शिलाई तुमच्या कागदावर कुठे आहे?"

सेल्समनने टायला हात लावला. साहेबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. बस, तेवढंच.

मग बोलले, "तुम्ही चार माणसं कमी केलीत. आता असं, मशीनच्या पोटात प्लांटमधल्या कामाच्या रोजच्या चिठ्ठ्या कोण भरणार?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "मुंबईहून ऑपरेटर आणू की."

"आणा. त्याचा पगार धरतो, राहायची खोली धरतो. पण प्लांटमधला आमचा मामा फिटर चिठ्ठी लिहितो ती मुंगी शाईतून चालल्यासारखी असते. ती त्याला वाचता येईल? नाही आली तर प्लांटमध्ये जाऊन मामाला विचारेल? मामा त्याला उत्तर देईल?" आणि माझ्याकडे पेन्सिल रोखली. "या मुलाला येते. सगळ्या प्लांटच्या नकला करत फिरतो, त्यामुळे कोण कसं बोलतो, कसं लिहितो ते याला पाठ आहे. मुंबईच्या ऑपरेटरपेक्षा हा स्वस्त पडेल. मी यालाच प्रोग्रॅमच्या खर्चात धरलंय."

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की हा काय आयटम आहे. "शिकेल का हा?"

"कोणाचंही करतो. कॉम्प्युटरचं पण करेल."

मॅनेजरसाहेब हसले. "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत बघू. मशीन धड चाललं तर याला कायम करू. नाही तर याला घरी आणि ऑपरेटर मुंबईहून."

चहा आला. कप खाली ठेवल्यावर साहेबांनी अगदी सहज पूजेचं विचारलं. सेल्समन फसकन हसला. "सर! व्हेरी फनी सर! कव्हर्ड, कव्हर्ड!" साहेब पण किंचित हसल्यासारखे झाले, मी पहिल्यांदा बघितलं, आणि दुरुस्तीच्या कराराचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "मग लिहून टाका. गंमत म्हणून." त्याने हसत हसत दुरुस्तीच्या ओळीपुढे लिहिलं, "पूजेने होणारा बिघाड धरून." सही केली. मॅनेजरसाहेब पण हसत होते. पडलेसाहेबांचा आणखी एक किस्सा झाला, असं सगळ्यांना वाटलं.

मशीन आलं. मी शिकलो. कसा शिकलो ते सांगत नाही, पण शिकवायला आलेल्या मुंबईच्या माणसाची नक्कल करत करतच शिकलो. तो ज्या ऐटीत बटणं दाबायचा त्या ऐटीत दाबली की बरोबर व्हायचं. पगारपत्रकं मशीनवर निघायला लागली. प्रिंटरचा आवाज ऐकायला प्लांटमधली माणसं खिडकीशी यायची. मामा फिटर तर रोज. मामा म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, नढाळचा. पंपाला हात लावून त्याचा ताप सांगायचा. तो कॉम्प्युटरकडे बघून हळहळायचा, "येवढं राबतंय रं, आन च्या नाय का पानी नाय."

खंडेनवमी आली. कारखाना धुऊनपुसून झेंडूच्या माळांनी सजलेला. साहेबांनी मला सकाळीच बजावलं होतं, "कव्हर काढू देऊ नको. वरूनच फूल वाहा म्हणावं."

आमच्या घरी पूजाअर्चा नाही. आमच्याकडे बुद्धवंदना. पण कारखान्यात खंडेनवमीला मी सगळ्यांबरोबर नारळाचं खोबरं खातो, मला कधी जड गेलं नाही. मामा ताट घेऊन आला तेव्हा मी हात जोडून सांगितलं, "मामा, कव्हरवरून करा."

"आरं, देवाला रेनकोट घालून पूजा करत्यात का कुठं? तोंड तरी बघू दे त्याचं."

"साहेबांनी सांगितलंय मामा."

"मंग साहेबाला घेऊन ये जा. तवर आमी हितंच थांबतो."

मी साहेबांना आणायला पळालो. साहेब बॉयलरपाशी होते, तिथून येईपर्यंत पूजा आटोपलेली. कव्हर बाजूला घडी करून ठेवलेलं. बटणांवर हळद, बटणांवर कुंकू, स्क्रीनला पाचही बोटांनी लावलेलं. ठीक आहे, पुसलं असतं. पण फ्लॉपी आत घालायच्या ज्या दोन फटी असतात, त्यांतून साखरखोबरं बाहेर येत होतं.

"मामा, हे काय?"

"निवद," मामा आनंदाने बोलला. "दोन तोंडं हायती त्याला. एकात घालून दुसऱ्यात नाय घातला, तर रुसंल ना."

दसऱ्याची सुट्टी संपून मशीन चालू केलं, तर ते घरघरलं आणि गप्प. पगार तोंडावर. मॅनेजरसाहेबांनी मला आणि साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. मुंबईहून दुरुस्तीचा माणूस आलेला. त्याने मशीन उघडून आत सापडलं ते टेबलावर कागदात काढून ठेवलं होतं. पिवळी पूड आणि खोबऱ्याचा कीस. मुंग्या पण लागल्या होत्या.

मॅनेजरसाहेब मला बोलले, "तुझ्यावर सोपवलं होतं ना? दसऱ्यापर्यंतच ठरलं होतं आपलं."

त्यांचा पीए कडेला उभा होता. तो हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "यांच्यात पूजा नसते ना साहेब. लक्ष दिलं नसेल."

मला नकला येतात, पण त्या वेळी तोंडातून माझं स्वतःचं सुद्धा काही येईना.

साहेब पीएकडे वळले. आवाज नेहमीचाच. "त्याच्यात पूजा असती तर त्याने आणखी एक चिमूट टाकली असती. हा एकटाच नको म्हणत होता."

पीए भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला.

मग साहेब दुरुस्तीवाल्याला बोलले, "हे तुमच्याकडे आहे. करारात लिहिलंय."

दुरुस्तीवाल्याने वाचलं. त्याने आधी सही बघितली, मग परत वाचलं. "पूजा लिहिलंय सर. हे तर खाण्याची वस्तू आत गेलीय."

"तुमच्या घरी पूजा होते?"

"होते की."

"नैवेद्याशिवाय होते?"

त्या माणसाने खोबरं परत कागदात गुंडाळलं. मग बोलला, "नाही सर. आई ऐकणार नाही." आणि बॅगेतून पेचकस काढला.

पगार वेळेवर झाला. मॅनेजरसाहेबांनी शब्द पाळला, दिवाळीच्या आधी मला कायमचा कागद मिळाला. मी तो बापाच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याने उलटासुलटा करून बघितला आणि संध्याकाळी तो घेऊनच पारावर जाऊन बसला.

मामाला कोणी बोललं नाही. साहेबांनीच बोलू दिलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सुताराकडून प्लायवूडचा एक कॉम्प्युटर करून घेतला. स्क्रीन, बटणं, दोन फटी, सगळं. फटी जरा मोठ्याच ठेवल्या. खंडेनवमीला तो बाहेर टेबलावर, माळ घालून. मामाने त्याला पोटभर भरवलं. मामाला ठाऊक होतं तो खोटा आहे, आणि तो खूश होता. "हा खातो तरी नीट," म्हणाला. त्या प्लायवूडचा खर्च साहेबांनी कॉम्प्युटरमध्येच धरला.

साहेब रिटायर होऊन भिसेगावला घरी बसले. मध्ये एका रविवारी मी पेढे घेऊन गेलो, मला ऑपरेटरचा सीनियर ऑपरेटर केलं म्हणून. काकूंनी दार उघडलं आणि आतूनच आवाज आला, "कितीला पडले?" मी पेढ्यांचे सांगितले. "आणि चौकहून आलास ते?" मी एसटीचं भाडं सांगितलं. "आणि रविवार मोडलास तो?" काकू बोलल्या, "अहो, आधी बसू तरी द्या त्याला."

बसलो. चहा झाला. साहेबांचा खांदा अजून पुढेच, कानावर पेन्सिल अजून. आता कसला हिशोब करतात देव जाणे. चहाचा कप खाली ठेवला आणि मी ठरवलं, हा प्रश्न चहा झाल्यावरचाच आहे.

"साहेब, एक विचारू? मला तुम्ही खर्चात धरलं होतंत. मी कितीला पडलो?"

त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल काढली, माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

"अजून चालू आहेस तू," बोलले. "चालू वस्तूचा हिशोब मी बंद करत नाही."

सोमवारी कॅन्टीनमध्ये पोरं मागे लागली, पडलेसाहेबांकडे गेला होतास ना, करून दाखव. मी उभा राहिलो. चष्मा कपाळावर, पेन्सिल डाव्या कानावर, खांदा पुढे. सगळं बरोबर. आणि ते कालचं वाक्य बोललो, "चालू वस्तूचा हिशोब मी बंद करत नाही."

आवाज माझाच आला.